शेवया, खिमा आणि टोमॅटो : इटलीतील एका पदार्थाच्या प्राचीनतेची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

इटलीतील बोलोन्या या नगरीच्या वाणिज्य मंडळाच्या दप्तरी १७ ऑक्टोबर १९८२ रोजी एक लेख विधिपूर्वक दाखल करण्यात आला. तो मालकी हक्काचा दस्तऐवज नव्हता, व्यापारी करारनामाही नव्हता. ती एका कालवणाची कृती होती. गोमांसाचा खिमा, डुकराच्या पोटाकडील खारवलेले मांस, कांदा, गाजर, सेलरी, मद्य, दूध आणि थोडासा टोमॅटो मंद आचेवर दीर्घकाळ शिजवून तयार होणाऱ्या या कालवणास 'रागू' म्हणतात. बोलोन्यात ते अंडी घालून मळलेल्या कणकेच्या रुंद, चपट्या शेवयांवर घालून खाल्ले जाते. या शेवयांचे तेथील नाव 'ताल्यातेल्ले'. १९५३ साली मिलान येथे स्थापन झालेल्या इटालियन पाकशास्त्र अकादमीने ही कृती प्रमाणभूत ठरवून तिची नोंद करविली होती.

हा प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे. जी गोष्ट घरोघर निर्विवादपणे चालत आलेली असते, तिची सरकारदरबारी नोंद करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. परंपरेची नोंद होऊ लागते ती परंपरेविषयी शंका वा स्पर्धा उत्पन्न झाल्यानंतर. मग रागूची ही परंपरा नेमकी किती जुनी? या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले अभिमानाचे : हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या, मध्ययुगापासून अखंड चालत आला आहे. दुसरे उपहासाचे : ही सारी परंपरा विसाव्या शतकातील व्यापाऱ्यांनी आणि प्रवासी संस्थांनी रचलेली आहे. पार्मा विद्यापीठातील अर्थेतिहासाचे प्राध्यापक आल्बेर्तो ग्रांदी यांच्या २०१८ सालच्या ग्रंथामुळे या दुसऱ्या मताला इटलीत मोठी प्रसिद्धी मिळाली आणि त्यावरून तीव्र वादही झाला.

प्रस्तुत निबंधाचा उद्देश या दोन पक्षांपैकी एकाची तरफदारी करण्याचा नाही. दोन्ही पक्ष एकच चूक करतात, असे येथे दाखवावयाचे आहे. ती चूक अशी की, पदार्थाला एकच जन्मतिथी असते असे दोघेही गृहीत धरतात. वस्तुतः कोणत्याही संयुक्त पदार्थाची तीन वये असतात : त्याच्या घटकद्रव्यांचे वय, त्यांच्या संयोगाचे म्हणजे कृतीचे वय, आणि तो संयोग सामान्य माणसाच्या ताटात नियमाने येऊ लागला त्या रूढीचे वय. या तिन्ही वयांची साधने भिन्न आहेत आणि त्यांतून निघणारे निष्कर्षही भिन्न आहेत. ती एकमेकांत मिसळली की वाद उत्पन्न होतो. वेगळी काढली की तो पुष्कळसा मिटतो.

२. शेवयांचा पूर्वेतिहास

घटकद्रव्यांत सर्वांत जुनी शेवई. तिच्याविषयी एक दंतकथा फार प्रचलित आहे. व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो १२९५ साली चीनहून परतला तेव्हा त्याने शेवयांची विद्या बरोबर आणली, अशी ती कथा. तिचे लोकप्रिय रूप १९२९ साली अमेरिकेतील मॅकरोनी उत्पादकांच्या व्यावसायिक मासिकात छापले गेले. ते विक्रीला पूरक असे मनोरंजन होते. कागदपत्रांपुढे ही कथा टिकत नाही. जेनोआ येथील उगोलिनो स्कार्पा या नोटरीने १२७९ साली, म्हणजे पोलो परतण्यापूर्वी सोळा वर्षे, एका सैनिकाच्या मालमत्तेची यादी केली आहे. तीत मॅकरोनींनी भरलेल्या एका पेटाऱ्याचा उल्लेख आहे. पेटाऱ्यात भरून ठेवलेली आणि वारसाहक्काच्या यादीत मोजण्याजोगी ही वस्तू वाळवलेलीच असली पाहिजे, हे उघड आहे.

याहूनही जुना पुरावा सिसिलीचा. तेथील नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयाने अरब भूगोलज्ञ अल्‌-इद्रिसी याने ११५४ साली आपला ग्रंथ पूर्ण केला. पालेर्मोच्या पूर्वेस असलेल्या त्राबिया या गावी विपुल प्रमाणात 'इत्रिया' तयार होते आणि ती जहाजे भरभरून कालाब्रिया तसेच अन्य मुसलमानी व ख्रिस्ती प्रदेशांत पाठविली जाते, असे तो सांगतो. 'इत्रिया' म्हणजे कणकेचे वाळवलेले दोरे. तेव्हा भूमध्य समुद्राच्या परिसरात वाळवलेल्या शेवयांचा केवळ वापरच नव्हे, तर व्यापारही बाराव्या शतकात चालू होता. चीनमधील शेवयांचा इतिहास स्वतंत्र आणि अतिशय प्राचीन आहे; परंतु इटलीतील शेवयांचा उगम सांगण्यासाठी त्याची गरज पडत नाही.

या व्यापाराच्या मुळाशी एक विशिष्ट धान्य आहे. कठीण दाण्याचा, पिवळसर, रवाळ पीठ देणारा ड्युरम गहू हे ते धान्य. महाराष्ट्रात याच जातीच्या गव्हाला बन्सी म्हणतात आणि आपल्याकडेही शेवयांसाठी व रव्यासाठी तोच पसंत केला जातो. त्याच्या कणकेचे दोरे वाळल्यावर मोडत नाहीत व शिजल्यावर लगदा होत नाहीत. उलट, बोलोन्याच्या परिसरात पिकणारा गहू मऊ. म्हणून तेथे कणकेला बळकटी आणण्यासाठी अंडी घालतात आणि शेवया ताज्याच शिजवतात. दक्षिणेतील वाळवलेली व उत्तरेतील ताजी अशा या दोन स्वतंत्र शाखा आहेत. इटलीबाहेर सर्वत्र प्रसिद्ध असलेले 'स्पॅगेटी बोलोन्येज' हे नाव या दोन शाखांची गल्लत करते : त्यात शेवई दक्षिणेची आणि कालवण उत्तरेचे आहे. बोलोन्यातील लोक या संयोगास आपला मानीत नाहीत.

मध्ययुगीन शेवया कशा खाल्ल्या जात? चौदाव्या शतकाच्या मध्यास बोकाच्चिओ याने आपल्या 'देकामेरॉन' या कथासंग्रहात एका काल्पनिक सुखप्रदेशाचे वर्णन केले आहे. तेथे किसलेल्या पार्मेझान चिजाचा डोंगर असून त्यावर राहणारे लोक कोंबड्याच्या रश्शात मॅकरोनी शिजवून खाली टाकत असतात. पंधराव्या शतकातील आचारी मार्तिनो याने सिसिलियन मॅकरोनी दोन तास उकळावी असे लिहिले आहे. ती चीज, लोणी आणि गोड मसाले घालून वाढली जाई. १५७० साली प्रसिद्ध झालेल्या बार्तोलोमेओ स्काप्पी याच्या ग्रंथात शेवयांवर साखर व दालचिनीही आढळते. सारांश, इटलीतील शेवई पाच-सहाशे वर्षे पांढरी होती. १७८७ साली नेपल्सला गेलेल्या गटे या जर्मन कवीनेही तेथे सर्वत्र अल्प मोलात मिळणारी मॅकरोनी पाण्यात उकडून व किसलेले चीज घालून खातात, अशीच नोंद केली आहे. तोपर्यंत अमेरिका खंडाचा शोध लागून जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती.

३. टोमॅटोचा संथ प्रवेश

टोमॅटो मूळचा अमेरिकेचा. मेक्सिकोतील नाहुआ लोकांच्या भाषेतील 'तोमात्ल' या शब्दावरून त्याचे नाव आले आहे. १५१९ ते १५२१ या काळात स्पेनने मेक्सिको जिंकल्यानंतर तो युरोपात आला. पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली या वैद्याने १५४४ साली त्याचे वर्णन केले. ते करताना त्याने त्यास वांग्याचा एक नवा प्रकार मानले आणि वांग्याप्रमाणेच तो तेल, मीठ व मिरी घालून खातात असे लिहिले. १५५४ सालच्या आवृत्तीत त्याने 'सोन्याचे फळ' या अर्थाचे नाव दिले. आजचा इटालियन शब्द 'पोमोदोरो' तोच. ३१ ऑक्टोबर १५४८ रोजी तस्कनीचा अधिपती कोसिमो दे मेदिची याच्या पिसा येथील कारभाऱ्याने टोमॅटोची करंडी सुखरूप पोहोचल्याचे पत्र लिहिले, तेही उपलब्ध आहे.

नवीन वस्तूला ओळखीच्या वस्तूच्या नावाने हाक मारण्याची ही प्रवृत्ती आपल्यालाही परकी नाही. मराठीच्या काही बोलींत टोमॅटोला 'बेलवांगी' म्हणतात आणि बंगालीत 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगे, असे म्हणतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन समाजांनी एकाच अनोळखी फळाला वांग्याच्या कुळात बसविले, हे लक्षणीय आहे. आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते कूळ खरोखरीच एक आहे. परंतु नाव मिळणे म्हणजे चुलीवर स्थान मिळणे नव्हे. टोमॅटो दीर्घकाळ वैद्यांच्या ग्रंथांत, धनिकांच्या बागांत आणि चित्रांत राहिला. थंड व ओल्या प्रकृतीचे अन्न अपायकारक होय, हे तत्कालीन वैद्यकाचे मत त्याच्या आड आले.

छापील पाकग्रंथात टोमॅटोच्या सॉसची कृती प्रथम आढळते ती नेपल्समध्ये. तेथील एका सरदाराच्या भोजनव्यवस्थेचा प्रमुख अंतोनिओ लातिनी याने १६९२ व १६९४ साली दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'स्पॅनिश पद्धतीचा' टोमॅटो सॉस दिला आहे. टोमॅटो भाजून सोलावे, बारीक चिरावे, त्यांत कांदा, मिरची व सुगंधी पाला घालून मीठ, तेल आणि व्हिनेगर मिसळावे, अशी ती कृती आहे. नेपल्स त्या वेळी स्पेनच्या सत्तेखाली होते, हे कृतीच्या नावावरून स्पष्ट होते. हा सॉस उकडलेल्या पदार्थांबरोबर तोंडी लावण्यासाठी होता. त्याचा शेवयांशी काही संबंध नव्हता.

शेवया व टोमॅटो यांचा विवाह यानंतर शंभर वर्षांनी लागला. रशियाच्या कॅथरिन राणीच्या पदरी राहिलेला आचारी फ्रांचेस्को लिओनार्दी याने १७९० साली रोम येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा या संदर्भात निर्देश केला जातो. निःसंदिग्ध स्वरूपातील कृती मात्र इप्पोलितो काव्हालकांती या नेपल्सच्या सरदाराच्या ग्रंथात येते. त्याच्या १८३९ सालच्या आवृत्तीस नेपल्सच्या बोलीत लिहिलेले घरगुती स्वयंपाकाचे परिशिष्ट जोडलेले असून त्यात टोमॅटो घातलेल्या बारीक शेवया आहेत. ही कृती दरबारी भाषेत नसून बोलीत आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ग्रंथात येण्यापूर्वी ती घराघरांत व रस्त्यांवर रूढ होत होती, असे अनुमान त्यावरून निघते.

टोमॅटो इतका उशिरा आला आणि आल्यावर इतका वेगाने पसरला, याचे कारण काय? एक कारण चवीच्या रचनेत असावे असे वाटते. मध्ययुगीन युरोपीय स्वयंपाकात आंबटपणासाठी कच्च्या द्राक्षांचा रस वा व्हिनेगर आणि गोडीसाठी साखर व मसाले वापरले जात. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रेंच पद्धतीच्या प्रभावाने हे गोड मसाले मांसान्नातून मागे पडले. आंबट व गोड या दोन्ही रसांची जी जागा रिकामी झाली ती टोमॅटोने एकट्याने भरून काढली. आपल्याकडील आमटीत चिंच व गूळ मिळून जे कार्य करतात, त्याच्याशी याची तुलना करता येईल.

४. मांसाचा रागू

'रागू' हा शब्द फ्रेंच आहे. रुची पुन्हा जागृत करणे असा त्याच्या मूळ धातूचा अर्थ. अठराव्या शतकात इटलीतील सरदारांच्या व धर्माधिकाऱ्यांच्या मुदपाकखान्यांत फ्रेंच पद्धतीची छाप पडली आणि मांस, भाज्या व रस्सा यांच्या मंद पाकास हे नाव मिळाले. बोलोन्याजवळील इमोला येथील बिशप कार्डिनल कियारामोंती, जे पुढे १८०० साली सातवे पायस या नावाने पोप झाले, यांचा आचारी आल्बेर्तो आल्विसी याने मॅकरोनीसाठी रागूची कृती लिहून ठेवली आहे. बोलोन्याच्या परिसरातील शेवया व मांस यांच्या संयोगाचा हा महत्त्वाचा लेखी पुरावा आहे. त्या कृतीत टोमॅटो नाही.

याहून अधिक निर्णायक साक्ष पेल्लेग्रिनो आर्तुसी याची. फोर्लिंपोपोली येथे जन्मलेल्या आणि फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झालेल्या या व्यापाऱ्याने १८९१ साली स्वतःच्या खर्चाने एक पाकग्रंथ छापला. १८६१ साली राजकीय दृष्ट्या एक झालेल्या इटलीला समान स्वयंपाकघर देण्याचे कार्य या ग्रंथाने केले, असे इतिहासकार मानतात. पहिल्या आवृत्तीतील ४७५ कृती लेखकाच्या मृत्यूच्या वर्षी, १९११ मध्ये, ७९० झाल्या होत्या. त्यातील 'बोलोन्या पद्धतीची मॅकरोनी' या कृतीत सुमारे ५०० ग्रॅम शेवयांसाठी १५० ग्रॅम वासराचे मांस, ५० ग्रॅम खारवलेले डुकराचे मांस, ४० ग्रॅम लोणी, थोडा कांदा, गाजर, सेलरी, चिमूटभर पीठ व रस्सा सांगितला आहे. इच्छा असल्यास जायफळ, अळंबी, कोंबडीचे काळीज वा शेवटी अर्धा पेला साय घालावी, असेही लेखक म्हणतो. टोमॅटोचे नावही नाही. आर्तुसीला टोमॅटो माहीत नव्हता असे मुळीच नाही. त्याच ग्रंथात टोमॅटोच्या सॉसची कृती आहे आणि सर्वांच्या घरांत नाक खुपसणाऱ्या एका धर्मोपदेशकास लोक 'डॉन टोमॅटो' म्हणत, अशी गंमतही तेथे सांगितली आहे, कारण टोमॅटोही तसाच सर्वत्र शिरतो. तो सर्वत्र शिरत होता. बोलोन्याच्या रागूत मात्र निदान या ग्रंथापुरता तरी १८९१ पर्यंत शिरला नव्हता.

नेपल्सचा रागू वेगळ्या जातीचा. त्यात खिमा नसतो. मांसाचे मोठे तुकडे टोमॅटोच्या दाट रसात कित्येक तास अगदी मंद शिजवतात; रस शेवयांवर घालून प्रथम खातात आणि मांस त्यानंतर स्वतंत्र वाढतात. एदुआर्दो दे फिलिप्पो या नाटककाराच्या १९५९ सालच्या 'शनिवार, रविवार आणि सोमवार' या नाटकाचे सारे कथानक अशा रविवारच्या रागूभोवती फिरते.

या दीर्घ पाकामागील भौतिक कारण सुगम आहे. कष्टाळू जनावराचे स्वस्त, चिवट मांस जलद शिजवले तर कठीणच राहते. मंद आचेवर तासन्‌तास ठेवले म्हणजे त्यातील चिवट तंतू विरघळून रसाला दाटपणा आणतात. प्रथम खिमा वा तुकडे चरबीत तांबूस होईपर्यंत परतल्याने चवीला खोली येते आणि टोमॅटोच्या आंबटपणाने चरबीचा जडपणा कमी होतो. परंतु भौतिक कारणाइतकेच आर्थिक कारणही महत्त्वाचे आहे. मांस थोडे आणि खाणारी तोंडे पुष्कळ असली म्हणजे मांसाची चव रसात उतरवून ती स्वस्त धान्यावर पसरवणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. आर्तुसीच्या कृतीतील दोनशे ग्रॅम मांस आणि पाचशे ग्रॅम शेवया हे प्रमाणच सांगते की, मध्यमवर्गीयांच्या ताटातही मांस हे अन्न कमी आणि व्यंजन अधिक होते.

५. कृतीपासून ताटापर्यंत

येथवर आपण पाकग्रंथांची साक्ष घेतली. परंतु पाकग्रंथ कोणी लिहिले आणि कोणासाठी? लातिनी, लिओनार्दी व आल्विसी हे धनिकांचे सेवक. काव्हालकांती स्वतः सरदार. आर्तुसी सुखवस्तू व्यापारी. छापलेली कृती म्हणजे सर्वांनी खाल्लेले अन्न नव्हे. सामान्यांच्या ताटाचा शोध घ्यावयाचा तर अन्य साधनांकडे वळले पाहिजे.

नेपल्सविषयी एमिलिओ सेरेनी या इतिहासकाराचा १९५८ सालचा निबंध या बाबतीत मार्गदर्शक आहे. सोळाव्या शतकापर्यंत नेपल्सचे लोक 'पाला खाणारे' म्हणून ओळखले जात; कोबी व मांस हा त्यांचा प्रमुख आहार होता. सतराव्या शतकात शहराची लोकसंख्या वाढली, मांसाचा पुरवठा घटला आणि त्याच सुमारास कणीक मळण्याच्या व दाबून शेवया पाडण्याच्या यंत्रांमुळे शेवया स्वस्त झाल्या. 'पाला खाणारे' मग 'मॅकरोनी खाणारे' झाले. म्हणजे शेवई ही नेपल्सच्या गरिबांकडे समृद्धीतून आली नाही. मांस दुर्मिळ झाल्यामुळे आली. ज्या दोन वस्तू आज एकाच ताटात नांदताना दिसतात, त्यांपैकी एक दुसरीची जागा घेण्यासाठी आली होती, हे विसरता कामा नये.

उत्तरेची स्थिती आणखी बिकट होती. एकीकरणानंतर इटलीच्या संसदेने स्तेफानो याचिनी याच्या अध्यक्षतेखाली शेतीची व शेतकऱ्यांची पाहणी करविली. १८७७ ते १८८६ या काळात चाललेल्या या पाहणीच्या अहवालांतून ग्रामीण दारिद्र्याचे विदारक चित्र पुढे आले. पो नदीच्या खोऱ्यातील शेतमजूर मुख्यत्वे मक्याच्या पिठाच्या घट्ट घाट्यावर जगत. या एकसुरी आहारामुळे 'पेलाग्रा' हा रोग तेथे ठाण मांडून बसला होता. मांस सणासुदीला किंवा आजारपणात. ज्या प्रदेशातील सुखवस्तू घरांत आर्तुसीची मॅकरोनी शिजत होती, त्याच प्रदेशातील मजुराला गव्हाची शेवईही नित्य मिळत नव्हती. तेव्हा 'बोलोन्याच्या लोकांचा परंपरागत पदार्थ' असे म्हणताना 'लोक' या शब्दाने कोणाचा बोध होतो, हा प्रश्न विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

परिस्थिती पालटली ती तीन मार्गांनी. पहिला मार्ग परदेशगमनाचा. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे एक कोटी चाळीस लक्ष इटालियनांनी परदेशगमन केले; त्यांतील काही परतले. अमेरिकेत मजुरी अधिक होती आणि मांस स्वस्त होते. मायदेशी जे सणाला किंवा जमीनदाराच्या घरी पाहावयास मिळे, ते तेथे रविवारच्या जेवणात येऊ लागले. हासिया डायनर या विदुषीने २००१ सालच्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट विस्ताराने मांडली आहे : परदेशातील इटालियनांनी गावाकडचे नेहमीचे अन्न जपले नाही, तर गावी वरच्या वर्गाकडे पाहून ज्याची इच्छा धरली होती ते अन्न मिळविले. स्पॅगेटीवर मोठाले मांसाचे गोळे आणि टोमॅटोचा भरपूर रस हा अमेरिकन प्रकार या दृष्टीने विचारात घेतला पाहिजे. त्याला इटलीत नाके मुरडली जातात. परंतु भुकेल्या माणसाच्या इच्छेचा तो प्रामाणिक दस्तऐवज आहे.

दुसरा मार्ग उद्योगाचा. फ्रान्समधील निकोला अपेर याने हवाबंद पदार्थ टिकविण्याची आपली पद्धत १८१० साली प्रसिद्ध केली. फ्रांचेस्को चिरिओ याने १८५६ साली तुरीन येथे डबाबंदीचा कारखाना काढला. आरंभी तेथे मटार भरले जात. पुढे टोमॅटोचे महत्त्व वाढले. पूर्वी टोमॅटोचा रस आटवून, फळ्यांवर उन्हात वाळवून, त्याचा काळपट गोळा टिकविला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पार्माच्या परिसरात यंत्राने काढलेला दाट अर्क तयार होऊ लागला. त्यामुळे उन्हाळ्यातील फळ बारमाही झाले. या मालाचे एक मोठे गिऱ्हाईक म्हणजे समुद्रापलीकडचे इटालियन. त्यांच्या मागणीने मायदेशातील कारखाने वाढले आणि त्या कारखान्यांनी मायदेशातील चव बदलली. परंपरा गावातून परदेशी गेली, एवढेच अर्धे सत्य. ती काही अंशी परदेशातून गावी परत आली.

तिसरा मार्ग राज्यसंस्थेचा व वाढत्या उत्पन्नाचा. पहिल्या महायुद्धात लक्षावधी शेतकरी सैन्यात गेले आणि घरी नित्य न मिळणारी शेवई व मांस त्यांना तेथे मिळाले. यानंतरच्या काळातही ही वाटचाल सरळ झाली नाही. मारिनेत्ती या कवीने १९३०च्या अखेरीस शेवयांविरुद्ध जाहीरनामाच काढला. शेवयांनी राष्ट्र जड व आळशी होते, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा उपासमार आली. १९५० नंतरच्या दोन दशकांत औद्योगिक भरभराट झाली, तेव्हाच मांस बहुसंख्य इटालियनांच्या नित्य आहारात आले. रूढीचे वय मोजावयाचे तर ते येथून मोजले पाहिजे.

६. परंपरेचे लेखन

रूढी व्यापक झाली, त्याच सुमारास तिला प्राचीनत्व देण्याचे प्रयत्नही होऊ लागलेले दिसतात. ताल्यातेल्ले ही शेवई एका राजकन्येच्या सोनेरी केसांवरून स्फूर्ती घेऊन पंधराव्या शतकातील झेफिरानो नामक आचाऱ्याने निर्मिली, ही कथा आज सर्वत्र सांगितली जाते. तिचा कर्ता बोलोन्याचा विनोदी लेखक व चित्रकार आउगुस्तो मायानी हा असून तिचा काळ १९३१ आहे. विनोद विसरला गेला आणि कथा इतिहास म्हणून उरली. १९७२ साली याच शेवईची रुंदी शिजल्यानंतर आठ मिलिमीटर असावी, असे ठरवून तिची सोन्याची प्रतिकृती वाणिज्य मंडळात ठेवण्यात आली. दहा वर्षांनी रागूची कृती दाखल झाली.

मात्र लेखबद्ध केलेली परंपराही स्थिर राहत नाही. १९८२ च्या कृतीत ३०० ग्रॅम गोमांस व १५० ग्रॅम डुकराचे मांस असून टोमॅटो पाच चमचे सॉस किंवा वीस ग्रॅम दाट अर्क एवढाच होता. २० एप्रिल २०२३ रोजी अकादमीने सुधारित कृती दाखल केली. तीत गोमांस ४०० ग्रॅम झाले आणि टोमॅटोचा रस २०० ग्रॅम, शिवाय चमचाभर अर्क. आर्तुसीचे १८९१ चे शून्य, १९८२ चे वीस ग्रॅम आणि २०२३ चे दोनशे ग्रॅम अशी ही श्रेणी लक्षात घेतली, म्हणजे 'मूळ' कृती कोणती या प्रश्नाचा फोलपणा ध्यानात येतो. अकादमीने स्वतः कृती बदलली, हा तिचा दोष नव्हे. जे घरोघर प्रत्यक्ष शिजत होते त्याची दखल तिने घेतली, आणि प्रमाण मानावयाचे ते प्रचाराला, हेच त्यातून अप्रत्यक्षपणे मान्य केले.

७. निष्कर्ष

आता आरंभी मांडलेल्या तीन वयांकडे पुन्हा वळू. घटकद्रव्यांपैकी वाळवलेली शेवई इटलीत बाराव्या शतकापासून, टोमॅटो सोळाव्या शतकापासून आणि रागू ही पाकपद्धती अठराव्या शतकापासून आहे. शेवया व टोमॅटो यांचा लेखी संयोग अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात होतो. बोलोन्याच्या रागूत टोमॅटो त्याहूनही मागाहून येतो. आणि मांस, टोमॅटो व शेवया या तिन्हींचे एकत्र ताट बहुजनांच्या आवाक्यात येते ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अभिमानी पक्ष पहिले वय दाखवून तिसरे सिद्ध झाले असे मानतो. उपहास करणारा पक्ष तिसरे वय दाखवून पहिले खोटे ठरवितो. दोघांचाही युक्तिवाद अपुरा आहे.

फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक याने, ज्याला १९४४ साली जर्मनांनी गोळ्या घातल्या, आपल्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात इतिहासकारांच्या 'उगमपूजेवर' टीका केली आहे. उगम सांगितला म्हणजे स्पष्टीकरण झाले, असे मानण्याचा मोह तो घातक समजतो. इटालियन इतिहासकार मास्सिमो मोंतानारी यांनी २०१९ साली टोमॅटोच्या स्पॅगेटीविषयी लिहिताना हाच विचार पुढे नेला. प्रस्तुत विवेचनाची भर एवढीच की, उगमाऐवजी केवळ 'प्रवाह' म्हणणे पुरेसे नाही. त्या प्रवाहात कोणत्या वर्गाने केव्हा ओंजळ भरली, हेही सांगितले पाहिजे. त्यासाठी पाकग्रंथाला नोटरीच्या यादीची, मजुरीच्या पाहणीची आणि कारखान्याच्या इतिहासाची जोड द्यावी लागते.

आपल्याकडील अन्नेतिहासालाही ही कसोटी लावता येईल. ज्या मिरचीवाचून मराठी स्वयंपाकाची आज कल्पना करवत नाही ती अमेरिकेची. बटाटा व पाव ही नावे आपण पोर्तुगीजांकडून घेतली. टोमॅटोला अजून काही घरांत वांग्याच्या नावाने ओळखतात. यांतील प्रत्येक वस्तू केव्हा आली, हा एक प्रश्न. ती प्रथम कोणत्या कृतीत शिरली, हा दुसरा. आणि ती कोरडवाहू गावातील शेतमजुराच्या भाकरीबरोबर केव्हा येऊन बसली, हा तिसरा व सर्वांत कठीण. पहिल्या दोहोंची उत्तरे ग्रंथालयात सापडतील. तिसऱ्यासाठी वाण्यांच्या वह्या, बाजारभावांच्या नोंदी, दुष्काळासंबंधीचे अहवाल, जात्यावरच्या ओव्या आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी तपासाव्या लागतील. यांपैकी शेवटचे साधन वर्षागणिक क्षीण होत आहे. म्हणून संशोधनाचा आरंभ तेथून करणे इष्ट ठरेल.